रविवारची पहाट घाटाला द्या

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगर ते खुलताबाद हा रस्ता चालणाऱ्यांच्या हवाली होतो. भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालेली माणसे छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करीत दौलताबादला पोचतात. किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातून पलीकडे निघतात, घाट चढतात आणि निद्रिस्त मारुतीपुढे हात जोडतात. अंतर 25 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध मॅरेथॉनहून जास्त. त्यात कॉलेजची मुले असतात, कंपनीतली पाळी संपवून थेट निघालेले कामगार असतात, पाय दुखत असूनही दरवर्षी येणाऱ्या आज्या असतात. वाटेवर ठिकठिकाणी चहा, पाणी, केळी, साबुदाण्याची खिचडी. त्यातले कुणीही स्वतःला खेळाडू म्हणवत नाही. श्रावणातल्या शनिवारीही अशीच रीघ लागते.

त्या रात्रीसाठी पोलीस आधीच आदेश काढतात. दौलताबाद टी पॉइंटवरून वाहतूक कसाबखेडा फाट्याकडे वळवली जाते. ट्रक वळसा घालून जातात, शहराचे काही अडत नाही, आणि लाखो पावले सुखरूप घाट चढून जातात.

वर्षातल्या उरलेल्या दिवसांत हाच रस्ता पहाटे पाचला निघणाऱ्या दुसऱ्या एका मंडळीचा असतो. डोक्यावर हेल्मेट, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा, अंगात अंधारात चमकणारे जाकीट. कुणी गिअरच्या सायकलीवर, कुणी नुसत्या पायांवर. वेरूळपर्यंत जाऊन परतायचे, घाट दोनदा चढायचा, आठच्या आत घरी पोचून दिवसाला लागायचे, असा त्यांचा बेत. यांच्यासाठी मात्र कुणी ट्रक वळवत नाही. दौलताबादच्या दरवाजात एका वेळी एकच मोठे वाहन मावते. तिथे सायकलस्वार भिंतीला खेटून उभा राहतो आणि वाळूने भरलेला हायवा ट्रक अंगावरून गेल्यासारखा बाजूने जातो.

तेव्हा मागणी आधीच सांगून टाकलेली बरी. दौलताबाद ते वेरूळ हा घाटरस्ता दर रविवारी पहाटे पाच ते आठ अवजड वाहनांना बंद ठेवावा आणि चालणाऱ्या, धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसांना द्यावा. तीन तास, आठवड्यातून एकदा. या शहरातल्या हौशी धावपटूंच्या आणि सायकलपटूंच्या गरजा याहून बऱ्याच आहेत, पण सुरुवात इथून करता येण्यासारखी आहे, कारण हे कसे करायचे ते प्रशासनाला आधीपासून येते.

हौशी हा शब्द ऐकला की रिकामा वेळ असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. वस्तुस्थिती उलट आहे. या शहरात पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्यांत वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतले अभियंते आणि कामगार आहेत, घाटी या सरकारी रुग्णालयातले आणि खासगी दवाखान्यांतले डॉक्टर आहेत, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात उभे राहणारे वकील, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पोलीस आणि दोन मुलांचे डबे करून निघालेल्या आया आहेत. यांच्याकडे वेळ नसतो, म्हणूनच ते पाचला उठतात. पाचला उठायचे तर रात्री साडेनऊला आडवे व्हावे लागते. लग्नाच्या स्वागत समारंभातून लवकर निघावे लागते, वाढदिवसाच्या जेवणात हात आखडता घ्यावा लागतो आणि नातेवाइकांचे बोलणे ऐकून घ्यावे लागते. सकाळी पहिली पाळी असेल तर सराव संध्याकाळवर जातो आणि संध्याकाळी जालना रोडच्या धुरात धावण्याला काही अर्थ नसतो.

त्यात या शहराची एक खास अडचण आहे, ती पुण्या-नाशिकच्या धावपटूला सांगून कळणार नाही. इथे नळाला रोज पाणी येत नाही. दोन पाळ्यांमध्ये कित्येक दिवस जातात. ज्या दिवशी पाणी यायचे त्या दिवशी घरातल्या एका माणसाला टाकी, ड्रम, मोटर सांभाळायला थांबावे लागते. लांब पल्ल्याच्या धावण्याचे वेळापत्रक महिनाभर आधी आखलेले असते, पण ते पाण्याच्या दिवसाला आडवे आले की मागे पडते. जायकवाडीहून नवी योजना येते आहे. तिच्या भूमिपूजनाला डिसेंबर 2020 मध्ये मुख्यमंत्री आले होते. तिची 2500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी टाकण्यासाठी पैठण रोड खणला गेला, आणि सरळ, सपाट म्हणून सायकलवाल्यांच्या आवडीचा असलेला तो रस्ता त्यांच्या नकाशावरून बरेच दिवस पुसला गेला. पाणी आले पाहिजे, याबद्दल कुणाचे दुमत नाही. मात्र रस्ता एकदा खणला की पहिल्यांदा बेदखल होतो तो कडेने जाणारा माणूस.

धावण्यासाठी शहर मुळात चांगले आहे, हेही सांगितले पाहिजे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंची, कोरडी हवा, हिवाळ्यात पहाटे अंगावर काटा आणणारी थंडी. मुंबईच्या दमट जानेवारीत घाम गाळणारा धावपटू इथल्या डिसेंबरचा हेवा करील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर हे इथल्या धावपटूंचे खरे माहेरघर. 1958 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची सातशेहून अधिक एकर जमीन डोंगराच्या पायथ्याशी पसरली आहे. चढ, उतार, झाडी, मागे बौद्ध लेण्यांचा डोंगर, जवळच सोनेरी महाल. पाच किलोमीटर धावायचे असो की वीस, इथे मोटारीची भीती न बाळगता धावता येते. चढाची तयारी करणारे गोगाबाबा टेकडी किंवा हनुमान टेकडी गाठतात. हिमायतबागेच्या बाजूला मोठ्या झाडांची सावली आहे. छावणीचे रस्ते त्यातल्या त्यात शांत. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी चालणारे, धावणारे, शाळकरी खेळाडू आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले एकाच वेळी फिरत असतात.

या भरतीच्या मुलांकडे शहराने नीट पाहायला हवे. गंगापूर, वैजापूर, सिल्लोड, कन्नडच्या खेड्यांतून आलेली ही मुले-मुली खोली घेऊन राहतात, अभ्यासिकेत बसतात आणि पहाटे मैदानावर किंवा मैदान नसेल तर रस्त्यावर धावतात. त्यांच्या पायांत महागडे बूट नसतात, मनगटावर घड्याळ नसते. 1600 मीटर, 800 मीटर, गोळाफेक यांच्या गुणांवर त्यांच्या घराचे पुढचे आयुष्य ठरणार असते. हौशी धावपटूची सोय झाली की त्यांची आपोआप होते. धावण्यासाठी सुरक्षित जागा मागणे म्हणजे सुखवस्तूंचा हट्ट, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पहाटे बीड बायपासच्या कडेने धावणारी ही मुले पाहावीत.

मराठवाड्याचा सर्वांत मोठा धावपटू याच पट्ट्यातून निघाला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. शाळा सहा किलोमीटरवर, गाडीची सोय नाही, म्हणून चालत-पळत जायचे. पुढे सैन्यात भरती, सियाचीनची थंडी, मग ॲथलेटिक्स. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतले. सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले, 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. गावाकडचा मातीचा रस्ता त्या मुलाला निर्धास्त पळू देत होता. आज शहराच्या कडेला वाढणाऱ्या मुलाला तेवढाही रस्ता मिळत नाही, याची खंत वाटायला हवी.

सायकलीची गोष्ट वेगळी आणि जास्त जुनी आहे. चिकलठाणा, रेल्वे स्टेशन परिसर आणि पुढे वाळूज अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा हँडलला डबा अडकवून कामावर जाणाऱ्या माणसांनी हे शहर चालवले. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पुढे दुचाकी घरोघरी आली. सायकल मागे पडली, पण गेली नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांमध्ये सायकल होती. आजही भल्या सकाळी शहरात दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, बांधकामावर निघालेला मिस्त्री, रात्रपाळी करून परतणारा सुरक्षारक्षक सायकलीवरच दिसतात. त्यांच्या सायकलीला मागचा दिवा नसतो आणि अंगात चमकणारे जाकीट नसते. लाख रुपयांच्या सायकलीवरचा अभियंता आणि जुन्या काळ्या सायकलीवरचा सुरक्षारक्षक यांना एकाच ट्रकपासून जीव वाचवायचा असतो.

अभियंत्याच्या सायकलीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला तिचे वेड समजत नाही. या मंडळींत बीआरएमचे आकर्षण मोठे. फ्रान्समधून आलेली ही लांब पल्ल्याच्या सायकलीची पद्धत. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जिवावर पार करायचे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. एकाच हंगामात ही चारही अंतरे पुरी केली की सुपर रँडोनियर. वाटेतल्या नेमलेल्या ठिकाणांखेरीज कुणाची मदत घेता येत नाही. पंक्चर स्वतः काढायचे, साखळी स्वतः बसवायची, झोप अनावर झाली तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या बाजेवर अर्धा तास पडायचे. यातले काही जण पुढे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1200 किलोमीटरच्या, चार वर्षांतून एकदा होणाऱ्या राइडचे स्वप्न बघतात. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. दोघेही व्यवसायाने डॉक्टर, म्हणजे सराव करायचा तो रुग्णसेवा सांभाळून. नाशिकच्या सायकलपटूंनी पंढरपूरची सायकलवारीही सुरू केली.

छत्रपती संभाजीनगरच्या सायकलस्वाराला सराव करायचा तर पश्चिमेला जावे लागते, कारण चढ तिकडे आहेत. दौलताबादचा घाट, पुढे खुलताबाद, तिथून म्हैसमाळ. हजार मीटरहून उंच असलेल्या म्हैसमाळच्या चढावर पावसाळ्यात ढग अंगाला लागतात. परतताना दौलताबादला पेरू, आणि हंगाम असेल तर सीताफळे. ज्यांनी हा फेरा एकदा केला, ते पुन्हा पुन्हा करतात. इतका देखणा, इतका जवळचा आणि इतक्या इतिहासातून जाणारा सरावाचा रस्ता राज्यातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला आहे. देवगिरीचा किल्ला, मलिक अंबरची कबर, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, सगळे तीस-पस्तीस किलोमीटरांत.

आणि हाच रस्ता धोक्याचा झाला आहे. वेरूळला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या पहाटेच निघतात. माळीवाड्याला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे. समृद्धीवर दुचाकी आणि सायकलीला प्रवेश नाही, मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्यावरून खाली उतरलेल्या चालकाच्या पायात तो वेग काही वेळ तसाच राहतो. रात्रभर गाडी चालवून पेंगुळलेला चालक आणि पहाटे उठून निघालेला सायकलस्वार यांची गाठ नेमकी सूर्योदयाआधीच्या तासात पडते. जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पाचला निघालेला माणूस दोन तास अंधारात असतो.

ही भीती कल्पनेतली नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. मार्च 2023 मध्ये वरळी सी फेसवर सकाळी धावणाऱ्या एका महिलेचा भरधाव मोटारीच्या धडकेत मृत्यू झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये इंटेल कंपनीचे माजी भारतप्रमुख अवतार सैनी नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेत गेले. जुलै 2025 मध्ये जगभर नावाजलेले वयोवृद्ध मॅरेथॉनपटू फौजा सिंग पंजाबातल्या आपल्या गावाजवळ रस्त्यावर चालताना गाडीखाली आले. तिन्ही वेळा हळहळ झाली, लेख आले, मेणबत्त्या लागल्या. रस्ते होते तसेच राहिले.

महिलांच्या बाबतीत अंधाराचा हा हिशेब आणखी कडक होतो. पुरुष धावपटू एकटा निघू शकतो. बाईला सोबत बघावी लागते, उजेडाचा रस्ता बघावा लागतो, घरच्यांना कुठून कुठे जाणार ते सांगून ठेवावे लागते. टोळक्याने मागून येणारी भटकी कुत्री सर्वांनाच छळतात, पण वाटेत गाडी हळू करून शेरे मारणारे फक्त बायकांच्या वाट्याला येतात. 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितले की 2022 साली भारतातल्या निम्म्या प्रौढांचा शारीरिक व्यायाम पुरेसा नव्हता. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57. पुरेसा म्हणजे फार नव्हे; जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे पुरते. या 57 टक्क्यांना आळशी म्हणण्याआधी सकाळी सहाला त्यांच्या गल्लीतले पथदिवे लागलेले असतात का, हे बघावे. बारामतीच्या लता भगवान करे यांनी नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे मिळावेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमधली शर्यत जिंकली, हे महाराष्ट्राने कौतुकाने सांगितले, त्यावर चित्रपटही निघाला. बाईला धावायचे असते आणि ती धावू शकते, याला आणखी पुरावा नको.

शहरात मॅरेथॉन होतात. 2016 मध्ये लोकमतची महामॅरेथॉन इथे सुरू झाली आणि मग राज्यातल्या दुसऱ्या शहरांत गेली. अशा दिवशी हजारो माणसे रस्त्यावर येतात, चौकाचौकांत ढोल वाजतात, बिब लावलेले आजोबा नातवाबरोबर तीन किलोमीटर पळतात. त्या दिवसाने शहराला धावायची सवय लावली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण मॅरेथॉन धावणारा माणूस त्या एका दिवसासाठी चार-पाच महिने सराव करतो. आठवड्यातून चार-पाच दिवस, दर रविवारी लांब पल्ला. शर्यतीच्या दिवशी त्याला पोलीस संरक्षण, पाण्याचे टेबल, रुग्णवाहिका, टाळ्या सगळे मिळते. सरावाच्या शंभर दिवसांत यातले काहीही नसते. शहराचे लक्ष या शंभर दिवसांकडे वळायला हवे. पदक वाटणे सोपे असते, रोजचा रस्ता देणे कठीण.

कठीण असले तरी जगाने ते करून दाखवले आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात 1974 पासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. आपल्याकडे नोव्हेंबर 2013 मध्ये गुरुग्रामने ‘राहगिरी’ हा असाच उपक्रम सुरू केला. 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी लोकांना खेळायला दिले. कोट्यवधींचे बांधकाम यातल्या कशालाच लागले नाही. लागले ते बॅरिकेड, मनुष्यबळ आणि सातत्य. शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ. मोठ्या गाजावाजाने सुरू झालेले असे उपक्रम अधिकारी बदलला की मिटतात.

अवजड वाहने वळवणे आपल्या जिल्ह्यालाही नवे नाही. कन्नडच्या औट्रम घाटात 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी झाली. धुळे-सोलापूर महामार्गावरचा इतका महत्त्वाचा घाट, तरीही पर्यायी मार्ग निघाले आणि माल पोचत राहिला. त्या मानाने रविवारी पहाटेचे तीन तास काहीच नव्हेत.

दुसरी संधी शहराच्या आत आहे, आणि ती हातची जाऊ देऊ नये. 2025 मध्ये महापालिकेने रस्ते रुंद करण्यासाठी मोठी मोहीम उघडली. मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा, हर्सूल अशा भागांत हजारो बांधकामे पडली. कित्येकांची दुकाने गेली, घरे गेली, आयुष्यभराची कमाई डोळ्यांदेखत मातीत मिळाली. त्या माणसांच्या त्यागातून जी जागा मोकळी झाली, तिच्यावर फक्त मोटारींच्या आणखी दोन रांगा आखल्या तर तो त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पदपथ किमान 1.8 मीटर रुंद आणि अडथळ्यांविना हवा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले. रुंद झालेल्या प्रत्येक रस्त्याच्या आराखड्यात पदपथ आणि सायकलीची वेगळी पट्टी आत्ताच बसवली पाहिजे. डांबर पडल्यावर ती कधीच बसत नाही. नुसता रंग मारून सायकल ट्रॅक होत नाही, हेही देशभरातल्या शहरांनी अनुभवले आहे. दोन महिन्यांत तिथे हातगाडे आणि मोटारी उभ्या राहतात. पट्टी उंच हवी किंवा खांबांनी वेगळी केलेली हवी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि त्याला उत्तर द्यायला हवे. शहरात पाणी नाही, कचऱ्याचे प्रश्न आहेत, रस्त्यांवर खड्डे आहेत. अशा वेळी धावणाऱ्यांचे लाड कशाला? उत्तर असे की पाण्यासाठी कोट्यवधी रुपये लागतात आणि वर्षे जातात. इथे लागतो एक आदेश. विद्यापीठ, शासकीय महाविद्यालये, शाळांची मैदाने पहाटे पाच ते सात ओळखपत्र दाखवून लोकांना खुली करायला पैसा लागत नाही. छावणी, ज्योतीनगर, सिडको, सातारा परिसर इथल्या ठरावीक रस्त्यांवरचे दिवे सूर्योदयापर्यंत चालू ठेवायला फारसा लागत नाही. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण महापालिकेचे कामच आहे. आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्यावर घाटीत दररोज जो खर्च होतो, त्यातला काही भाग तरी पहाटेच्या या रस्त्यावर वाचतो.

दुसरा आक्षेप वेरूळ-खुलताबादच्या लोकांचा असू शकतो, आणि तो रास्त आहे. रविवार हा त्यांच्या धंद्याचा दिवस. म्हणून मागणी फक्त अवजड वाहनांपुरती आणि फक्त आठपर्यंतची आहे. एसटी, रुग्णवाहिका, दूध, भाजीपाला, स्थानिकांची वाहने चालू राहावीत, वेग मात्र ताशी तीसवर बांधलेला असावा. शिवाय रविवारी सकाळी तीन तास शांत झालेल्या घाटात शहरातली कुटुंबे सायकली घेऊन येतील, चहा पितील, पोहे खातील, पेरू विकत घेतील. धंदा बुडण्याऐवजी वाढेल, असा अंदाज बांधायला हरकत नाही. तीन महिने करून पाहावे, आकडे मोजावेत, मग ठरवावे.

धावपटू आणि सायकलपटूंच्या गटांनीही काही करायला हवे. रस्ता अडवून चौघे-चौघे बाजूबाजूने सायकल चालवणे, कानात गाणी लावून उलट्या बाजूने धावणे, रस्त्यावर एनर्जी जेलची पाकिटे टाकणे हे बंद झाले पाहिजे. मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट न घालता अंधारात निघणाऱ्या साथीदाराला गटाने घरी परत पाठवावे. प्रत्येक गटाने वर्षाला शंभर लाल दिवे विकत घेऊन रात्रपाळीच्या सायकलस्वारांना आणि दूधवाल्यांना वाटले तर रस्त्यावरचे त्यांचे नाते बदलेल आणि पोलिसांकडे मागणी घेऊन जाताना त्यांच्या शब्दाला वजन येईल.

पोलीस आयुक्त, ग्रामीण पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त या चौघांनी एकदा एकत्र बसावे. पावसाळा संपून थंडी सुरू झाली की सरावाचा हंगाम भरात येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हा प्रयोग सुरू व्हावा. तोवर वेरूळला निघालेल्या प्रत्येक मोटारचालकाला विनंती आहे: पुढे लाल दिवा लुकलुकताना दिसला की अपर दिवा डिपर करा, हॉर्न वाजवू नका, आणि ओलांडताना दीड मीटर अंतर सोडा. स्पेन आणि जर्मनीत किमान एवढे अंतर कायद्याने सोडावे लागते. इथे ते आजपासून आपणहून सोडता येईल.